मामांच्या पुठ्ठ्यातली सात भोकं: ऑनलाइन लिलावातून राजाछाप रुपये गोळा करतानाच्या नोंदी

काम काय ते आधी. मिरजेच्या मामांनी जाड पुठ्ठ्याला गोल भोकं पाडून पंचम जॉर्जच्या चांदीच्या रुपयांचा घरगुती अल्बम केला होता. १९११ ते १९२२, दर वर्षाला मुंबई आणि कलकत्ता अशा दोन टांकसाळींची दोन भोकं. १९२१ आणि १९२२ ला फक्त मुंबई. एकूण बावीस. प्रत्येक भोकाखाली पेन्सिलीने साल, कुठे घेतला आणि किती पैसे पडले ते. सहा भोकं रिकामी राहिली आणि मामा गेले.

मामींनी पुठ्ठा आणि सुट्या रुपयांचा स्टीलचा डबा माझ्या हातात दिला. ठरलं ते असं: डब्यातले जादा रुपये ऑनलाइन लिलावात विकायचे, त्या पैशातून भोकं भरायची, उरेल ते मामींचं. मी खिशातून घालायचं नाही, खिशात घ्यायचंही नाही. मामींनी वीस वर्षं अल्पबचतीची एजन्सी केली आहे, त्यामुळे हिशोब तोंडी चालणार नव्हता. म्हणून ही वही. असंच काही करायला निघालेल्यांना उपयोगी पडेल म्हणून इथे उतरवतोय. घोळ नको म्हणून ‘रुपया’ म्हणजे नाणं आणि ‘₹’ म्हणजे पैसे.

८ जानेवारी २०२३

डबा वर्तमानपत्रावर ओतला. पंचम जॉर्जचे सुटे ३४, राणीछाप ९, बाकी तांब्याचे ढब्बू आणि दोन दुदांडी शिवराया (मराठेशाहीतली तांब्याची नाणी). शिवराया विकायच्या नाहीत, त्या देव्हाऱ्यात जातील, असं मामींनी आधीच बजावलं होतं.

प्रत्येक रुपया ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर ठेवला. मूळ वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोब्बर जुना तोळा. झिजलेले ११.४५ पर्यंत उतरलेत. चांदी ९१.७ टक्के, म्हणजे एका रुपयात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी. आज ग्रॅमला ₹६८ धरले तर मोडीची किंमत ₹७२७. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिला. याच्या खाली विकायचं नाही. (पुढे विकले. सांगतो.)

मग टांकसाळी तपासल्या. या रुपयांवर मुंबईची खूण म्हणजे मागच्या बाजूला तळाच्या कमळाखाली एक बारीक उठावाचा टिंब. कलकत्त्याची खूणच नाही. मामांच्या पुठ्ठ्यातला ‘१९१३ कलकत्ता’ भिंगाखाली धरला तर कमळाखाली काळा मळ साचलेला. बांबूची दातकोरणी कोमट पाण्यात बुडवून हळूच फिरवली आणि टिंब वर आला. मामांनी चाळीस वर्षं मुंबईचा रुपया कलकत्त्याच्या भोकात ठेवला होता. म्हणजे रिकामी भोकं सहा नाहीत, सात: १९११ मुंबई, १९११ कलकत्ता, १९१३ कलकत्ता, १९१४ मुंबई, १९१५ कलकत्ता, १९२१, १९२२. आणि सुटे रुपये झाले ३५.

सुट्यांतले तीन रुपये आरशासारखे चकचकीत. नववीत असताना मे महिन्याच्या सुट्टीत मीच ते चिंच आणि रांगोळीने घासले होते. मामा काही बोलले नव्हते. आता कळतं, का बोलले नव्हते. घासलेल्या नाण्याला संग्राहक विचारत नाही.

२२ जानेवारी

पहिली विक्री. एका साप्ताहिक ऑनलाइन लिलावात १९१६ ते १९२० मधले पाच रुपये पाच वेगळ्या लॉटमध्ये टाकले (एका बोलीत विकायची वस्तू किंवा गठ्ठा म्हणजे लॉट). सुरुवातीची बोली ₹१. कुठेतरी ऐकलं होतं की कमी सुरुवात केली की गर्दी जमते, गर्दी जमली की भाव चढतो.

गर्दी जमली नाही. ८१०, ७६०, ९०५, ७८०, ८४०. बेरीज ₹४,०९५. त्यातून विक्रेत्याचं कमिशन १० टक्के आणि कमिशनवर १८ टक्के जीएसटी, मिळून ₹४८३ गेले. हातात ₹३,६१२, म्हणजे रुपयामागे ₹७२२. मोडीपेक्षा पाच कमी. फोटो, पॅकिंग, पोस्टात रांग हे सगळं फुकट.

चूक उघड आहे. १९१८ च्या आसपासचे रुपये ढिगाने आहेत. महायुद्धात चांदी कमी पडली, अमेरिकेने १९१८ च्या पिटमन कायद्याखाली आपली चांदी विकली आणि ती इथल्या टांकसाळींत आली. एकट्या १९१८ सालात दोन टांकसाळींनी मिळून चाळीस कोटींच्या आसपास रुपये पाडले. असा रुपया ज्याला हवा त्याला तो दर आठवड्याला मिळतो, तो कशाला भांडेल? ₹१ ची सुरुवात चालते ती दोन माणसं हटून बसतील अशा नाण्याला. ढिगातल्या नाण्याला नाही.

दुसरी चूक फोटोंची. मोबाइलच्या फ्लॅशने राजाचं नाक पांढरं फटक आणि बाकी सगळं काळं.

५ फेब्रुवारी

या वेळी १९१६ ते १९२०, दोन्ही टांकसाळी, दहा रुपयांचा एकच लॉट केला. सुरुवात ₹८,०००. फोटो उत्तरेच्या खिडकीत, सकाळी दहा वाजता, पांढऱ्या कागदावर, फ्लॅश बंद. प्रत्येक रुपयाची पुढची बाजू, मागची बाजू, काट्यावरचं वजन दिसेल असा एक आणि कडेचा एक. वर्णनात ‘दुर्मिळ’ हा शब्द नाही. त्याऐवजी ‘मुंबईचा टिंब भिंगाशिवाय दिसतो’ असं लिहिलं.

₹१०,६०० ला गेला. कापाकापी वजा जाता ₹९,३४९, रुपयामागे ₹९३५. तीच सालं, तसेच रुपये. नव्याने सुरुवात करणाऱ्याला एका फटक्यात दहा भोकं भरलेली हवी असतात, त्याचे तो पैसे देतो. सुटा रुपया विकताना हे लक्षात आलं नव्हतं.

भाव कसे काढले तेही लिहून ठेवतो. विकायला ठेवलेल्या वस्तूंवरच्या किमती अजिबात बघायच्या नाहीत. जाहिरातींच्या साइटवर साधा १९१९ चा रुपया ₹५ लाखांना ठेवलेला असतो आणि तो तिथेच राहतो. तोडीवाला, ओसवाल, मरुधर यांसारख्या लिलावगृहांच्या झालेल्या लिलावांचे निकाल बघितले. एका सालाचे, साधारण एकाच दर्जाचे, शेवटचे पाच निकाल लिहायचे. सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा खोडायचा. उरलेल्या तिघांतला मधला घ्यायचा. दर्जा मात्र स्वतः फोटो बघून ठरवायचा. ‘एक्सएफ’ (एक्स्ट्रीमली फाइन) लिहिलेलं निम्म्या वेळा एक दर्जा खालचं ‘व्हीएफ’ (व्हेरी फाइन) निघतं. राजाच्या मुकुटाची नक्षी आणि झग्यावरची वेलबुट्टी किती शिल्लक आहे ते बघितलं की पुरतं.

१९ फेब्रुवारी

पहिली खरेदी, १९१५ कलकत्ता. आणि पहिली लाज.

माझ्या यादीतला मधला आकडा ₹२,३००. डोक्यात म्हटलं, अडीच हजारांपर्यंत जाऊ. लिलाव रविवारी रात्री संपणार होता, मी मंगळवारीच पहिली बोली लावली. मग कोणी वर गेलं की मी शंभरने वर. दिवसातून चार वेळा, कामावर असतानाही. शनिवारी २,६०० झाले तेव्हा वाटलं, शंभराने काय होतंय. रविवारी रात्री ३,४०० ला जिंकलो आणि बायकोला मोठ्याने सांगितलं, ‘मिळाला!’ ती म्हणाली, ‘कितीला?’ तेव्हा बिल उघडलं.

बोली ₹३,४००. खरेदीदाराचं कमिशन १५ टक्के, त्यावर जीएसटी, म्हणजे एकूण १७.७ टक्के वर. ते झाले ₹४,००२. पोस्टेज ₹१२०. एकूण ₹४,१२२. लिलावाच्या पानावर जो आकडा नाचतो तो आपण देतो तो आकडा नसतो, हे मला माहीत होतं. शनिवारी आठवलं नाही, इतकंच.

आणि ज्याच्याशी पाच दिवस भांडलो, त्याला नाण्याची किंमत मीच शिकवली. मी रोज वर जात होतो म्हणजे नाण्यात काहीतरी असणार, असं त्याला वाटलं असेल. मलाही त्याच्याबद्दल तसंच वाटत होतं.

१२ मार्च

आज दुसऱ्या एका लिलावात तसाच १९१५ कलकत्ता, माझ्याहून थोडा सरस, ₹२,२०० ला गेला. बघत बसलो.

आता पद्धत बदलली. लिलाव उघडला की एकदाच कागदावर उलटा हिशोब. उदाहरणार्थ, सगळं धरून ₹३,००० च्या वर जायचं नाही. त्यातून पोस्टेज १२० वजा, उरले २,८८०. भागिले १.१७७. आले २,४४७. बोली वाढवायची पायरी शंभराची असेल तर बोली २,४००. हा कागद पुठ्ठ्यावर त्या भोकापाशी टाचणीने टोचायचा. कमिशन प्रत्येक लिलावगृहाचं वेगळं आणि काही जण नाण्यावरही जीएसटी लावतात, त्यामुळे १.१७७ डोळे झाकून घेऊ नका. नियमांचं पान वाचून स्वतःचा भाजक काढा.

शेवटच्या दहा सेकंदांत बोली मारायचा प्रयोगही करून बघितला, दोन ठिकाणी. एका ठिकाणी घड्याळ शून्यावर आलं की संपलं, तिथे जमलं. दुसऱ्या ठिकाणी शेवटच्या तीन मिनिटांत बोली आली की घड्याळ आणखी तीन मिनिटं पुढे सरकतं. तिथे माझी दहाव्या सेकंदाची शूर बोली म्हणजे समोरच्याला चहा प्यायला दिलेला वेळ. पाऊण तास ओढाताण झाली आणि हरलो ते हरलोच.

आणखी एक. दोघांची कमाल बोली सारखी असेल तर आधी लावलेली जिंकते. एकदा मी शेवटच्या क्षणी २,००० लावले, समोरच्याचे २,००० आदल्या दिवसापासून बसलेले होते. जिथे घड्याळ वाढतं तिथे आता मी लिलावाच्या दिवशी सकाळी एकदाच कमाल बोली टाकतो आणि पान बंद करतो. यंत्र आपल्या वतीने पायरी-पायरीने चढतं, गरजेपेक्षा वर जात नाही. जिथे आकडा हवा तसा टाकता येतो तिथे २,४०० ऐवजी २,४१०. गोल आकड्यावर थांबणारे पुष्कळ असतात.

२२ मार्च, पाडवा

१९११ कलकत्ता मिळाला. हा ‘डुकराचा रुपया’. राजाच्या झग्यावर पदक आहे, त्यातल्या हत्तीची सोंड इतकी आखूड कोरली गेली की लोकांना ते डुक्कर वाटलं आणि गदारोळ उठला. चौऱ्याण्णव लाखांच्या आसपास पाडले होते, लोकांच्या हातात जेमतेम सात लाख गेले, बाकीचे मागे घेऊन वितळवले. १९१२ पासून हत्ती नीट हत्ती झाला.

अशी गोष्ट असलेल्या नाण्याला गोष्टीचा भाव पडतो, तेव्हा कागद काळजीपूर्वक केला. कमाल बोली ३,६००. समोरचा आधीच थांबला, मला २,९०० ला मिळाला. सगळं धरून ₹३,५३३. पाकीट मामींकडे जाऊन उघडलं. त्यांनी भिंग धरून हत्ती शोधला आणि म्हणाल्या, ‘अरे, डुक्कर कसलं, उंदीर आहे हा.’

१६ एप्रिल

वाईट नोंद.

१९२२ या संचातला सगळ्यांत अवघड. एका खुल्या विक्री साइटवर ₹४,५०० ला दिसला, ‘आजोबांच्या पेटीतला’. बोली नाही, थेट खरेदी. फोटो जरा धूसर. माझा मधला आकडा ₹७,००० च्या वर होता. इतकं स्वस्त का, असा प्रश्न स्वतःला विचारायला हवा होता. मी विचारलं ते उलटं: दुसऱ्या कोणी घेतला तर? दोन मिनिटांत पैसे भरले, पोस्टेजसकट ₹४,६२०.

पार्सल आलं तेव्हा मी सोलापूरला लग्नाला होतो. नवव्या दिवशी उघडलं. वजन ११.४८, ठीक. चुंबकाला चिकटला नाही, ठीक. बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या रुपयाने हलकेच वाजवला तर टणटण नाही, ठक्क.

मग पाण्याची परीक्षा. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य केला. रुपयाला शिवणदोऱ्याचा फास घालून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असा धरला. काट्यावर जो आकडा येतो ते नाण्याने बाजूला सारलेलं पाणी. अस्सल, न झिजलेल्या रुपयाला १.१३ च्या आसपास येतो. मामांचे चार रुपये घालून खात्री केली, १.११ ते १.१३. याला आला १.३१. ११.४८ भागिले १.३१ म्हणजे ८.७६. या चांदीचं १०.३ च्या वर यायला हवं. तांबं-निकेलचं काहीतरी पांढरं मिश्रण.

भिंगाखाली बघितल्यावर सगळं दिसायला लागलं. मोकळ्या जागेत बारीक पुरळ, ओतकामात उठते तशी. कडेच्या दात्यांवर कानशीने पुसलेली शिवण. दिवसभर ओतीव सुटे भाग तपासून नापास करणं हा माझा पोटाचा धंदा. घरी येऊन मीच ओतीव रुपया पास केला.

परत करायची मुदत सात दिवस. नववा दिवस. विक्रेत्याचा फोन बंद. साइटचं उत्तर आलं की मुदत संपली आहे. ₹४,६२० माझ्या खिशातून, मामींच्या हिशोबात धरलेले नाहीत. तो रुपया पुठ्ठ्याच्या पाठीमागे चिकटपट्टीने लावून ठेवलाय.

तेव्हापासून: पार्सल आल्या दिवशी उघडायचं, मी नसलो तर बायको उघडेल. पार्सलवरची चिठ्ठी दिसत असताना कापण्यापासून काट्यावर ठेवण्यापर्यंत एकच सलग व्हिडिओ.

२५ मे

नऊ राणीछाप रुपये तीन-तीनच्या लॉटमध्ये विकले, हातात ₹१०,९८०.

१९ तारखेला दोन हजारांच्या नोटा मागे घेतल्याचं जाहीर झालं आणि जो तो क्रमांकात ‘७८६’ असलेल्या नोटा विकायला निघाला. त्या गडबडीत मामींना फोन आला: तुमच्याकडे जुनी नाणी आहेत ना, रिझर्व्ह बँक घेते आहे, आधी ₹१,२५० नोंदणी भरा. मामींनी गुगल पे उघडेपर्यंत मजल गेली होती. मग त्यांना एजन्सीतली सवय आठवली आणि त्यांनी पावतीचा नमुना मागितला. फोन कट. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच सांगितलं आहे की आपण अशा व्यवहारात नाही आणि कोणाला असे पैसे घ्यायचा अधिकार दिलेला नाही. विक्रीच्या जाहिरातीत मामींच्या घरचा नंबर टाकला होता तो मी. काढला.

११ जून

न्यू जर्सीच्या मावसभावाने दोन राजाछाप मागितले, वर म्हणाला, ‘तिकडच्या भावाच्या दुप्पट देतो.’ नाही म्हणावं लागलं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षं उलटलेलं नाणं देशाबाहेर पाठवता येत नाही. १९२२ चा रुपयासुद्धा गेल्या वर्षी शंभरीला पोचला, म्हणजे आख्खा पुठ्ठाच त्यात आला. ‘दिवाळीला ये आणि बघून जा’ म्हटलं.

आणखी एक नोंद, संशयाची. १९२१ चा एक रुपया मी दोनदा बघितला. मार्चमध्ये ‘विकला गेला’, एप्रिलअखेर पुन्हा त्याच विक्रेत्याकडे. तोच, कारण राजाच्या गालावर कानाकडे जाणारी आडवी चीर आहे. दोन्ही वेळा बोली लावणारं एकच अर्धवट झाकलेलं नाव भाव माझ्या कमाल बोलीच्या एक पायरी वरपर्यंत चढवत होतं. विक्रेत्याचंच माणूस असावं. सिद्ध काही करता येणार नाही. त्या विक्रेत्याकडे बोली लावणं बंद केलं आणि वहीत शेवटच्या पानावर ‘चिरा व खुणा’ असा रकाना सुरू केला. नाण्यांनाही चेहरे असतात, एकदा लिहून ठेवलं की परत ओळखता येतात.

९ जुलै

ढिगाचा जुगार. एका लॉटमध्ये बारा पंचम जॉर्ज रुपये, फोटोत सगळे राजाचं तोंड वर करून. साल आणि टांकसाळ दोन्ही मागच्या बाजूला, म्हणजे विक्रेत्याला एक तर माहीत नाही किंवा सांगायचं नाही. मी दुसरं गृहीत धरून, सगळे साधेच निघतील असं समजून बोली लावली. ₹१०,२०० ला मिळाला, सगळं धरून ₹१२,१५५. रुपयामागे ₹१,०१३, मोडीच्या बरंच वर. हे जरा जास्तच झालं.

निघाले: १९१३ कलकत्ता एक, १९१४ मुंबई एक, आणि दहा नेहमीचे. दोन भोकं भरली. दहा परत विकून ₹९,३५० आले. म्हणजे दोन रुपये ₹२,८०५ ला पडले, एकेक ₹१,४०२. सुटे घेतले असते तर साधारण तेवढेच. नफा शून्य, हात काळे, दोन रविवार गेले. पण सांगतो, बारा रुपये एकेक करून उलटे करताना जी मजा आली ती कुठल्या रकान्यात लिहायची ते कळलं नाही.

२० ऑगस्ट

उरलेल्या सुट्यांपैकी बारा विकले, दोन लॉट, हातात ₹११,०४०. काही नवीन नाही.

१९११ मुंबईची गोष्ट मात्र लिहायला हवी. माझी कमाल बोली ४,०००, एकाने ४,१०० लावून नेला. दहा दिवसांनी लिलावगृहाचा फोन: जिंकणाऱ्याने पैसे भरले नाहीत, तुम्ही दुसरे होतात, तुमच्या ४,००० ला घेता का?

जीभ ‘हो’ म्हणायला निघाली होती. एक दिवस मागून घेतला आणि बोलींची यादी उघडली. तिसरा माणूस ३,२०० ला थांबला होता. त्या न भरणाऱ्याला वगळा: मग माझ्यासमोर फक्त तो तिसरा. मला रुपया ३,३०० लाच मिळाला असता. ३,३०० पासून ४,००० पर्यंत मला चढवलं ते ज्याने पैसेच दिले नाहीत त्याने. हे सगळं फोनवर शांतपणे सांगितलं आणि ३,३०० म्हटलं. ते ३,८०० म्हणाले. ३,५०० ला तुटलं. सगळं धरून ₹४,२४०. पलीकडचे गृहस्थ हसत म्हणाले, ‘असं कोणी विचारत नाही हो.’ विचारा.

२८ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

१९२२. खरा.

लिलावगृहाचा, वजनासकट, कडेच्या फोटोसकट. कडेला शिवण नाही. लिलाव नेमका आज रात्री नऊला संपणार. कागद: सगळं धरून ९,०००, पोस्टेज आणि विमा १५० वजा, भागिले १.१७७, आले ७,५१९, बोली ७,५००. सकाळी नऊला टाकली आणि मिरजेला विसर्जनाला गेलो. स्वागत कमानींच्या खालून मिरवणूक सरकत होती, ढोलांपुढे खिशातला फोन वाजला तरी ऐकू येणार नव्हता. दोनदा हात खिशात गेला. दोन्ही वेळा रेंज नव्हती.

रात्री दीडला घरी येऊन बघितलं. ६,८०० ला मिळाला. एकूण ₹८,१५४. राज्यातले निम्मे बोलीवाले माझ्यासारखेच रस्त्यावर असतील म्हणून स्वस्त गेला, असा माझा अंदाज. एकाच लिलावावरून नियम करत नाही, पण पुढच्या वर्षी सणांच्या रात्री संपणाऱ्या लिलावांवर खूण करणार आहे.

पार्सल आल्या दिवशी व्हिडिओ, काटा, दोरा, पेला. ११.५९ ग्रॅम. पाण्यात १.१२.

१० नोव्हेंबर, धनत्रयोदशी

डब्यात आठ राहिले होते, जे लिलावात टाकायची लाज वाटत होती. तीन मी घासलेले. चारांच्या कडेला टाक्याची खूण. कोणाच्या तरी गळ्यातल्या माळेत होते ते. एक इतका झिजलेला की राजाचं नाक गेलंय. मोडीत द्यायचं जवळजवळ ठरलं होतं.

कंपनीतल्या एकाने लक्ष्मीपूजनाला राजाछाप रुपया मिळेल का विचारलं. डबा घेऊन गेलो. चकचकीत तीन पहिल्या पाच मिनिटांत संपले. एका सहकाऱ्याची आई म्हणाली, ‘बाकीचे काळे का आहेत? घासत नाही का तुम्ही?’ आठही गेले, प्रत्येकी ₹१,१००, कमिशन नाही, पोस्टेज नाही, ₹८,८००. प्रत्येकाला वजन करून दाखवलं, आणि टाक्याच्या खुणाही. त्यांना त्याचं काही नव्हतं.

वर्षभरात रुपयामागे सर्वांत जास्त पैसे राणीछापने दिले आणि त्यानंतर माझ्या चिंच-रांगोळीने.

२६ नोव्हेंबर

मामींकडे हिशोब. विक्री ₹४३,७८१ (ढिगातून परत विकलेले दहा त्यात नाहीत, ते खरेदीतून वजा केलेत). खरेदी ₹२२,८५४. शिल्लक ₹२०,९२७. मामींनी बेरजा स्वतः पुन्हा केल्या आणि ‘१६ एप्रिल’ वर बोट ठेवलं. ‘हे चार हजार सहाशे वीस कुठे गेले?’ म्हटलं, ते माझे. त्या काही बोलल्या नाहीत. जेवायला बसवलं आणि निघताना पाकिटात ₹२,३१० घालून दिले. निम्मे. परत दिले तर घेतले नाहीत.

पुठ्ठ्यावर नव्या सहा भोकांखाली पेन्सिलीने लिहिलं, मामांसारखंच: साल, टांकसाळ, पैसे. पैसे म्हणजे सगळं धरून. १९१५ कलकत्त्याखाली ४,१२२ लिहिताना मामी म्हणाल्या, ‘तुझ्या मामांनीही एक असाच महाग घेतलाय, बघ.’ १९१२ मुंबई, १९७९, ₹७५. शेजारच्या कलकत्त्याखाली त्याच वर्षी ₹४०.

१९२१ चं भोक रिकामं आहे. शिलकीतून ₹५,२०० मामींनी माझ्याकडे ठेवायला दिलेत. पोस्टेज वजा करून, भागिले १.१७७, ४,३००. कागद टाचणीने लावला आहे. गालावर चीर असलेला पुन्हा आलाय, तो सोडून.